दहा आंकड्यांचें कुंपण

एक काळ असा होता कीं, घरांतील मुलगा नोकरीकरितां मुंबईस गेला म्हणजे मंडळी ‘तो दूर असतो’ असें सांगत. आज तोच मुलगा मस्कतला असो, टोरोंटोला असो कीं म्युनिकला असो, रात्रीं जेवणें आटोपलीं कीं त्याचा चेहरा घरच्या फोनच्या कांचेवर दिसूं लागतो, नातवंडें आजीस पडलेला दांत दाखवितात आणि सूनबाई भाजणीचें प्रमाण विचारून घेते. त्यामुळें अंतर म्हणून कांहीं उरलेंच नाहीं, अशी आपली समजूत होऊन बसली आहे, आणि पुष्कळ वेळां ती खरीही ठरते. ती खोटी कोठें ठरते हें पाहावयाचें असेल, तर एखाद्या बँकेचें, दवाखान्याचें किंवा शाळेचें ॲप उघडावें आणि त्यांतील ‘मोबाइल नंबर’ या रकान्यांत त्या मुलाचा हल्लींचा नंबर लिहून पाहावा. रकाना दहा आंकडे घेतो आणि थांबतो. किंवा सर्व आंकडे घेऊन खालीं तांबड्या अक्षरांत ‘नंबर चुकीचा आहे’ असें बजावतो. नंबर बरोबरच असतो, परंतु तो दुसऱ्या देशाचा असतो.

गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. परंतु आपल्याकडे मोबाइल नंबर आतां माणसाची ओळख पटविण्याचें साधन होऊन बसला आहे. बँकेंतून पैसे पाठवावयाचे, गॅसचा सिलिंडर मागवावयाचा, आधारची प्रत उतरवून घ्यावयाची, डॉक्टरांची वेळ ठरवावयाची, कोणत्याही कामीं प्रथम नंबर विचारला जातो. आणि त्या नंबरावर आलेला ओटीपी, म्हणजे एकदांच चालणारा गुप्त आंकडा, सांगितल्यावांचून पुढचें दार उघडत नाहीं. अर्थात् ज्याचा नंबर घेतला जात नाहीं त्याची ओळखही घेतली जात नाहीं. एकत्र कुटुंबाच्या हिशेबांत हें मोठें व्यंग आहे. कुटुंबाचा कर्ता पुरुष आज पुष्कळदां परदेशींच असतो, आणि घरच्या कारभाराच्या किल्ल्या मात्र ज्या देशांत तो नाहीं त्या देशाच्या नंबराला बांधलेल्या असतात.

करवीर तालुक्यांतील गडमुडशिंगी हें गांव कोल्हापूर शहरास अगदीं लागून आहे. १९३९ सालीं सुरू झालेला कोल्हापूरचा विमानतळ याच बाजूस उजळाईवाडीला आहे, आणि त्याच्या विस्ताराकरितां गडमुडशिंगीकडील जमीनही घेण्यांत आली. गांवांतील एका सेवानिवृत्त शिक्षकांचें कुटुंब आमच्या परिचयाचें आहे. घरीं आजोबा, आजी, थोरल्या सूनबाई आणि दोन शाळकरी नातवंडें. थोरला मुलगा मस्कतला एका बांधकामाच्या कंपनींत, मुलगी टोरोंटोजवळ, आणि मुलीचा मुलगा म्युनिक येथें शिकावयास. घरखर्च थोरल्याच्या इकडील खात्यावरून चाले. त्या खात्याला जोडलेला नंबर त्याचा जुना, देशांतला. तें सिम तो मस्कतला पेटींत ठेवून असे आणि आठवण होईल तेव्हां त्यांत पैसे भरी. एका वर्षीं ती आठवण राहिली नाहीं.

पावसाळ्यांत एके रात्रीं आजोबा न्हाणीघरांत घसरून पडले आणि खुब्याचें हाड मोडलें. कोल्हापुरांतील रुग्णालयानें अनामत रक्कम मागितली. सूनबाईंनीं मस्कतला कळविलें, मुलानें तात्काळ ॲप उघडून रक्कम लिहिली, आणि ओटीपी जुन्या नंबरावर गेला. तो नंबर एव्हांना दुसऱ्या कोणास मिळालेला होता. मुलानें त्या नंबरावर फोन केला. परभणीकडील एका गृहस्थांनीं तो उचलला, सर्व हकीकत ऐकून घेतली आणि आलेला आंकडा सांगण्याचें साफ नाकारलें. त्यांनीं नाकारलें हें योग्यच केलें. असे फोन करणारे शंभरांतले नव्व्याण्णव लोक चोर असतात, आणि हा शंभरावा आहे हें त्यांनीं ओळखावें कसें? अनामत शेवटीं शेजाऱ्यांनीं भरली. दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली व आजोबा पुढें काठी घेऊन हिंडूं फिरूं लागले.

खरा घोळ त्यापुढचा. मुलानें आपला मस्कतचा नंबर खात्याला लावावयाचें ठरविलें. ओमान देशांतील मोबाइल नंबर आठ आंकडी असतात. आठच आंकडे घातले तर बँकेच्या त्या रकान्याला दोन कमी पडत. देशाचा संकेत ९६८ आरंभीं जोडला तर अकरा होऊन एक जास्त होई. कमीही चालेना, जास्तही चालेना. शाखेंत विचारलें तर ‘खातेदारानें समक्ष यावें’ असें उत्तर मिळालें. तो गणपतीच्या रजेंत आला तेव्हां कोठें काम झालें; आणि झालें म्हणजे काय, तर त्यानें देशांतील एक नवें सिम घेतलें आणि तो नंबर लावला. मूळ अडचण जेथल्या तेथें राहिली.

हे दहा आंकडे आपल्या अंगवळणीं कसे पडले याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. पूर्वीं परगांवीं बोलावयाचें म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. ऑपरेटरच्या मध्यस्थीवांचून परगांवीं थेट नंबर फिरविण्याची सोय आपल्या देशांत प्रथम १९६० सालीं लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान झाली. पुढें गांवोगांवीं संकेत ठरले. कोल्हापूरला ०२३१ मिळाला. ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून दिल्लीस देशांतला पहिला मोबाइल फोन झाला आणि दहा आंकडी नंबर लोकांच्या हातीं आला. २००३ सालच्या राष्ट्रीय योजनेनें सर्वांस एका मापांत बसविलें: मुंबईचे २२ आणि पुढें आठ, कोल्हापूरचे २३१ आणि पुढें सात, मोबाइलचे सरळ दहा. कोठूनही मोजा, बेरीज दहाच. (आरंभींचें शून्य हें नंबराचा भाग नव्हे, तें ‘आतां गांवाबाहेर जावयाचें आहे’ असें यंत्रास सांगण्याचें चिन्ह आहे. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या तारेच्या फोनवरून मोबाइलला फोन करतांनाही तें लावावें लागतें.) देशाच्या हद्दींत ही योजना नीटनेटकी आहे, यांत शंका नाहीं. जो तरुण पुण्यास किंवा बंगळूरास बसून ॲप तयार करतो, त्यानें जन्मापासून दहाच आंकडे पाहिलेले असतात. त्यामुळें ‘नंबर म्हणजे दहा आंकडे’ हा जणूं निसर्गाचा नियम आहे असें त्यास वाटतें.

समुद्रापलीकडच्या बोलण्याची हकीकत निराळी. विलायतेशीं बिनतारी तारायंत्राचा संबंध १९२७ सालीं जुळला, तो महाराष्ट्रांतूनच: संदेश पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस आणि घेण्याचें दौंडास होतें. १९३३ सालीं त्याच वाटेनें माणसाचा आवाजही जाऊं लागला. त्याच्या आदल्याच वर्षीं लंडनमध्यें महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें होतें. म्हणजे बोलणारीं माणसें आणि बोलण्याचें साधन हीं बहुधा बरोबरीनेंच पोंचलीं. त्या काळीं परदेशचा नंबर ही वस्तूच नव्हती. इकडचा ऑपरेटर तिकडच्या ऑपरेटरास गांठी आणि तो पुढचें पाही. यंत्रें स्वतःच जोडणी करूं लागलीं तेव्हां मात्र साऱ्या जगांत एकच नांव दोघांचें असूं नये, अशी व्यवस्था करणें प्राप्त झालें. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९६० नंतरच्या दशकांत पृथ्वीचे नऊ विभाग पाडले. उत्तर अमेरिकेस १, आफ्रिकेस मुख्यतः २, युरोपास ३ व ४, आणि याप्रमाणें पुढें. आपला देश नवव्या विभागांत येऊन त्यास ९१ मिळाले. देशाचा संकेत धरून कोणताही नंबर १५ आंकड्यांहून मोठा असूं नये, हा आजचा नियम आहे. १९९६ अखेरपर्यंत ही मर्यादा १२ होती. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, नियमानें अधिकांत अधिक किती हें ठरविलें, ‘नेमके इतकेच’ असें कधींही म्हटलें नाहीं. जर्मनींत तर एकाच शहरांतले दोन नंबर कमीजास्त लांबीचे असूं शकतात.

या व्यवस्थेंतील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित चिन्ह म्हणजे अधिकाचें. +९१, +९६८, +४९ यांतील तो ‘अधिक’ म्हणजे बेरीज नव्हे. ‘तुम्ही ज्या देशांत उभे आहां तेथून बाहेर पडण्यासाठीं जे आंकडे लागतात ते येथें घाला’ अशी ती सूचना आहे. भारतांतून व युरोपांतून बाहेर पडावयास ०० लागतात, अमेरिकेंतून ०११, ऑस्ट्रेलियांतून ००११. इंग्लंडांत १९९५ पर्यंत ०१० असे, मग तेथेंही ०० झाले. हें सारें लक्षांत कोण ठेवणार? मोबाइल फोन तें स्वतः लक्षांत ठेवतो. आपण फक्त ‘अधिक’ लिहावयाचें. शून्याची कळ क्षणभर दाबून धरली म्हणजे तें चिन्ह उमटतें, हें अजून पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नाहीं. +९१ पासून लिहिलेला नंबर कोल्हापुरांतून लावला तरी लागतो आणि म्युनिकहून लावला तरी लागतो. याच्या उलट, नुसते दहा आंकडे लिहिलेला नंबर म्हणजे पाकिटावर ‘मारुतीच्या देवळामागें’ एवढाच पत्ता लिहिण्यासारखें आहे. गांवांत तेवढें पुरतें.

ॲप करणाऱ्यांपैकीं ज्यांस ही गोष्ट समजली आहे तेही पुष्कळदां अर्ध्यावरच थांबतात. रकान्याच्या डाव्या बाजूस देशांच्या झेंड्यांची एक माळ लटकवून दिली म्हणजे आपलें काम झालें, असें त्यांस वाटतें. मग आजी म्युनिकच्या नातवाचा नंबर त्यानें पाठविला तसाच, ‘अधिक’ व ४९ यांसह, त्यांत चिकटवितात. झेंडा आपला स्वतंत्रपणें ४९ जोडतो. आणि एका नंबराला दोन जर्मन्या लागतात. टोरोंटोच्या मुलीचें दुःख आणखी वेगळें. +१ हा संकेत एकट्या अमेरिकेचा नव्हे. कॅनडा, जमैका, त्रिनिदाद असे अनेक देश त्याच छत्राखालीं आहेत. आंकडे पाहून तिला ‘अमेरिकन’ ठरविणारें ॲप तिच्याकडे पिनकोडही अमेरिकन मागूं लागतें. कोणी हुषार गृहस्थ आरंभींचें शून्य दिसेल तेथें खोडून टाकतात. इंग्लंड व जर्मनी यांच्या बाबतींत हें बरोबर आहे, परंतु इटालींत १९९८ पासून घरच्या फोनचें शून्य हें नंबराचाच भाग आहे. तें खोडलें कीं फोन लागत नाहीं. नंबर ही संख्या आहे असें समजून ती संख्येच्या जागीं सांठविणारे तर याहून अपराधी. संख्येच्या आरंभीं शून्यास किंमत नसते, म्हणून यंत्र तें निमूटपणें गिळून टाकतें. आमच्या पाहण्यांत एका संस्थेची सभासदांची यादी अशी आली कीं, हिशेबाच्या तक्त्यांत घालतांच तींतले सारे ‘अधिक’ आणि सारीं शून्यें नाहींशीं झालीं होतीं. नंबरांची बेरीज किंवा सरासरी कोणी कधीं काढीत नाहीं. मग त्यांस संख्येच्या पंक्तीस बसवावें कशाला? त्यांस नांवाप्रमाणें अक्षरांच्या जागींच ठेवावें.

लांबी कायमची ठरवून टाकण्यानें काय होतें याचें उदाहरण मॉरिशस बेटाचें. तेथें गेल्या शतकाच्याही पूर्वीं आपल्या इकडून गेलेलीं मराठी कुटुंबें आहेत, आणि त्यांचीं मुलें शाळेंत मराठी शिकतात. तेथील मोबाइल नंबर सात आंकडी होते. २०१३ सालीं त्यांच्या आरंभीं ५ जोडून ते आठ आंकडी करण्यांत आले. ज्यानें ‘मॉरिशस म्हणजे सात’ असें आपल्या ॲपांत कोरून ठेविलें असेल त्याचें दार त्या दिवशीं सबंध बेटास बंद झालें. देश आपापले नियम बदलीत असतात, ते एका माणसाच्या स्मरणांत राहावयाचे नाहींत. यासाठींच गूगल कंपनीनें ‘लिबफोननंबर’ नांवाची एक तयार आज्ञावली सर्वांस मोफत उपलब्ध करून दिलेली आहे. कोणत्या देशांत किती आंकडे, कोणते आरंभ मोबाइलचे, शून्य ठेवावें कीं गाळावें, हें सर्व तींत नोंदलेलें असतें आणि तें वारंवार सुधारलें जातें. अँड्रॉइड फोनांत ती आधींपासूनच वापरांत आहे. तिचा एक गुण आम्हांस विशेष आवडला: कोणी १, २, ३ हे आंकडे देवनागरींत लिहिले तरी ती ते समजून घेते. आपल्याकडील कित्येक ॲप्सना एवढेंही येत नाहीं. मराठी कळफलकावर नंबर लिहिणाऱ्या आजींस ‘चुकीचा नंबर’ म्हणून परत पाठविणारें ॲप महाराष्ट्रांतच तयार व्हावें, याला काय म्हणावें?

मात्र दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. परदेशी नंबर नाकारणारे सर्वच लोक अडाणी किंवा आळशी असतात असें नाहीं. देशाबाहेर संदेश पाठविण्यास देशांतल्यापेक्षां कितीतरी अधिक खर्च येतो. त्या खर्चांतील वांटा ज्यांस मिळतो अशा कांहीं भामट्यांनीं एक धंदाच काढला आहे: एखाद्या ॲपकडून दूरदूरच्या महागड्या नंबरांवर हजारों ओटीपी मागवावयाचे, वाचावयाचा मात्र एकही नाहीं. बिल ॲपवाल्याच्या माथीं येतें आणि वांटणी भामट्यांत होते. पैशांच्या ॲपची अडचण याहूनही खोल आहे. यूपीआयचें ॲप प्रथम सुरू करतांना फोन आपण होऊन एक संदेश पाठवितो, आणि खात्याला नोंदलेलें सिम याच फोनांत आहे याची खात्री करून घेतली जाते. ही खबरदारी चोरांविरुद्ध आहे व ती सोडतां येण्यासारखी नाहीं. परदेशी सिमवरून आलेला तो संदेश विश्वासानें स्वीकारावयाचा तर त्यासाठीं तिकडच्या कंपन्यांशीं व्यवस्था लावावी लागते.

परंतु मनांत आणलें तर ती लावतां येते, हेंही सिद्ध झालें आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें जानेवारी २०२३ मध्यें परिपत्रक काढून, अनिवासी भारतीयांच्या एनआरई व एनआरओ खात्यांना परदेशी मोबाइल नंबरावरून यूपीआय वापरूं देण्याचा मार्ग मोकळा केला आणि ३० एप्रिलपर्यंत तयारी करण्यास सांगितलें. आरंभीं दहा देशांचे संकेत त्यांत आले: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात आणि ब्रिटन. गडमुडशिंगीच्या त्या कुटुंबाच्या दृष्टीनें पाहिलें तर मस्कतचा मुलगा व टोरोंटोची मुलगी यादींत आलीं, आणि म्युनिकचा नातू बाहेर राहिला. कारण त्या पहिल्या यादींत जर्मनी नव्हती. मॉरिशस नव्हतें, आणि कोकणांतून गेलेल्या बेने इस्राएल मंडळींनीं जेथें मराठी जतन करून ठेविली आहे, तो इस्राएल देशही नव्हता. तरीही ही सुरुवात लहान नव्हे. पैशांचा व्यवहार, ज्यांत धोका सर्वांत अधिक, तेथें जर परदेशी नंबर चालूं शकतो, तर शाळेच्या सूचना कळविणाऱ्या किंवा रुग्णाच्या नातलगाचा नंबर टिपून घेणाऱ्या ॲपनें ‘सुरक्षिततेचें कारण’ पुढें करावें, हें आम्हांस पटत नाहीं. तेथें कारण आळसाचेंच असतें. निदान ‘आणीबाणींत कोणास कळवावें’ या रकान्यांत तरी कोणत्याही देशाचा नंबर घेतला गेलाच पाहिजे. त्या रकान्याला ओटीपी पाठवावयाचा नसतो. तो वेळ पडल्यास एखाद्या परिचारिकेनें वाचावयाचा असतो.

आतां घरच्या बाजूनें काय करतां येईल तें पाहूं. परदेशीं जाणाऱ्या मुलाची तयारी म्हणजे लोणचें, चटण्या, लोकरीचे कपडे आणि कागदपत्रें अशी आपली कल्पना असते. जुन्या नंबराचें पुढें काय, हा प्रश्न त्या तयारींत सहसा नसतो. प्रीपेड सिम सलग नव्वद दिवस वापरांत नसलें तर तें बंद करण्यास कंपनी मोकळी असते. शिल्लक वीस रुपये किंवा अधिक असल्यास त्यांतून वीस कापून आणखी तीस दिवस देतात. बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस कोणास देत नाहींत, मग मात्र तो नव्या ग्राहकास मिळूं शकतो. तेव्हां एक तर जुना नंबर जिवंत ठेवण्याचें काम घरांतील एका जबाबदार माणसाकडे महिना ठरवून सोंपवावें, किंवा निघण्यापूर्वींच बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधि, गॅस, वीज या सर्व ठिकाणचा नंबर बदलून मग तो सोडावा. मध्येंच लोंबकळत ठेवूं नये. आधारचा विचार वेगळा करावा लागतो. तेथें परदेशी नंबरावर संदेश येत नाहींत, आणि अनिवासी भारतीयाच्या नोंदणीस ई-मेलचा पत्ता आवश्यक धरलेला आहे. म्हणून तो पत्ता चालू व स्वतःच्या नित्य वापरांतला असावा. व्हॉट्सॲपवरही जुना नंबर बंद होण्याच्या आधीं ‘नंबर बदला’ ही सोय वापरून नव्यावर यावें. नाहीं तर उद्यां त्या जुन्या नांवावर परभणीच्या गृहस्थांचा फोटो दिसूं लागेल आणि आजी त्यांनाच ‘जेवलास का रे?’ म्हणून विचारतील.

आणखी एक अडचण अलीकडे उत्पन्न झाली आहे. फसवेगिरीच्या बातम्या वाचून वडील मंडळींनीं ‘अधिक’ चिन्हाचा धसका घेतला आहे. अनोळखी + दिसला कीं फोन उचलावयाचा नाहीं, असा घरोघर नियम झाला आहे. नियम चांगला आहे. फक्त त्यामुळें म्युनिकला नवें सिम घेतलेल्या नातवाचा पहिला फोन हमखास नाकारला जातो. याच्या उलट, परदेशांतून येऊन अंगावर भारतीय नंबराचें सोंग घेणारे फोन हे खरे धोक्याचे. ते अडविण्यासाठीं दूरसंचार विभागानें ऑक्टोबर २०२४ मध्यें एक यंत्रणा सुरू केली. नव्या नंबराची बातमी जुन्या मार्गानें, म्हणजे ई-मेलनें किंवा जुन्या नंबरावरून, आधीं द्यावी, आजींच्या फोनांत तो नांवासह नोंदवून घ्यावा, आणि मगच त्यावरून फोन करावा.

परदेशींच्या मुलांनींही एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर कोल्हापुरांत अमृतासारखा आहे, परंतु मस्कतहून तो फिरविला तर इकडची रुग्णवाहिका हलत नाहीं. आंकडे थोडे म्हणून असे नंबर देशाच्या आंतच चालतात. १८०० नें आरंभ होणारे मोफत मदतीचे नंबरही परदेशांतून बहुधा लागत नाहींत. आणि बँकांच्या ॲपांत मदतीसाठीं पुष्कळदां नेमका तोच एक नंबर दिलेला असतो. म्हणून आईवडिलांच्या डॉक्टरांचा, जवळच्या रुग्णालयाचा, बँकेच्या शाखेचा आणि एका भरंवशाच्या शेजाऱ्याचा साधा नंबर +९१ सकट मुलाकडे असावा. रुग्णालयाचा नंबर तारेच्या फोनचा असेल तर +९१ नंतर २३१, आणि मधलें शून्य गाळावें. एकदां दिवसाउजेडीं, कांहीं निमित्त नसतांना, तो लावून पाहावा.

घरांत मात्र या सर्वांसाठीं एक साधी वही पुरे आहे. दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर वेळोवेळीं खरडलेले नंबर वर्ष संपतांच रद्दींत जातात, आणि फोनांतले नंबर फोन बिघडला कीं जातात. वहींत प्रत्येक माणसाचें नांव, त्यापुढें ‘अधिक’ पासून पूर्ण नंबर, त्याच्या गांवची वेळ आपल्यापेक्षां किती पुढें किंवा मागें, आणि लिहिल्याची तारीख, एवढें असावें. घरांतील मुलांकडून हें काम करवून घेतलें तर तीं आनंदानें करतात, आणि कोणता देश कोणत्या आंकड्याचा हें त्यांस भूगोलाच्या पुस्तकावांचून पाठ होतें. एखाद्याचा नंबर बदलला तर जुना एका रेघेनें खोडून शेजारीं नवा लिहावा. जुना अजिबात पुसून टाकूं नये, कारण त्या नंबराला कोणकोणतीं खातीं अजून जोडलेलीं राहिलीं आहेत हें पुढें त्यावरूनच आठवतें.